चित्रात काय आहे?

आमचे वडील नगरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की ते मुलांना डोंगरावरच्या चांदबीबी महालापाशी नेत. महाल, झाड, वाट, सगळे ओळखू आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. एकदा मी कागदभर नुसते आभाळच रंगवले. यात आहे काय, असे त्यांनी विचारले. मी गप्प राहिलो.

त्या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा, वासुदेव गायतोंडे यांच्या आयुष्यात सापडले.

त्यांचे घराणे गोव्याचे, जन्म १९२४ साली नागपूरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका त्यांनी १९४८ साली घेतली. कॅमेरा आल्यापासून हुबेहूब चित्र काढण्याचे ओझे युरोपातल्या चित्रकारांच्या खांद्यावरून उतरले होते. ते वारे मुंबईतही पोचले होते. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी १९४७ साली प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला. गायतोंडे त्यात १९५० साली आले.

सुरुवातीला तेही माणसे रंगवीत. पुढे पॉल क्ली या चित्रकाराची ओढ लागली, झेन विचार भेटला आणि चित्रातल्या आकृती एकेक करून गळत गेल्या. १९५७ साली टोकियोत पारितोषिक मिळाले; १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. रोलरने रंग पसरायचा, कागदाने टिपून उचलायचा आणि मग नुसते पाहत बसायचे, अशी पुढे त्यांची पद्धत झाली. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे होत. मागणीसाठी हात कधी भराभर चालला नाही. १९७१ साली पद्मश्री मिळाली, तरी दिल्लीतले राहणे साधे, एकट्याचेच राहिले. १९८४ सालच्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षे थांबले. २००१ साली ते गेले. २०१३ साली मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये आले, तेव्हा कुठे घराघरांत त्यांचे नाव पोचले.

मला मात्र तो आकडा आठवत नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात त्यांच्या चित्रासमोर मी उभा होतो. महाल नव्हता, झाड नव्हते, वाटही नव्हती. होता तो रंगाच्या आतून येणारा उजेड, डोंगरावरून दिसे तसा. वडील तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांना तिथे हात धरून नेले असते आणि काही न बोलता शेजारी उभा राहिलो असतो.