पस्तीस हजार रुमाल आणि एक पेन्शनर

एप्रिल १८१८ मध्ये दुसरा बाजीराव पेशवा इंग्रजांच्या फौजा चुकवीत वऱ्हाडात शिरला आणि आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या परिसरात, कर्नल अ‍ॅडम्सने त्याला गाठून त्याचा पराभव केला. पुढे दोन महिन्यांत बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. राज्य गेले, ते सर्वांना ठाऊक आहे. पण राज्याबरोबर आणखी एक गोष्ट इंग्रजांच्या हाती गेली, तिची हळहळ फार थोड्यांना वाटली. ती म्हणजे पेशव्यांचे दप्तर. जमाखर्च, रोजकीर्दी, सरदारांची पत्रे, बातमीपत्रे असे शंभर वर्षांचे कागद मोडी लिपीत लिहिलेले आणि कापडी रुमालांत बांधलेले होते. इंग्रजी अमदानीतल्या कागदांची भर पडून हे रुमाल पस्तीस हजारांच्या घरात गेले.

पुण्यात या दप्तरासाठी १८९१ साली दगडी इमारत उभी राहिली आणि तिला भक्कम कुलूपही लागले. इनामे आणि वतने कोणाची खरी, कोणाची खोटी, हे ठरवण्याचा पुरावा या कागदांत होता. बँकेत गहाणखतांच्या फायली सांभाळण्यात ज्याची उमर गेली, त्याला सरकारची ही भीती समजू शकते. एक जुना कागद बाहेर पडला की दहा दावे उभे राहतात. त्यामुळे रोजनिशींतले काही वेचे छापले गेले तरी मूळ दप्तर अभ्यासकांना बंदच राहिले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून खासगी वाड्यांतले कागद गोळा करीत होते. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. मंडळ होते त्याच शहरात मराठ्यांच्या इतिहासाचा सर्वांत मोठा साठा, आणि दार मात्र बंद!

ते दार १९२९ साली उघडले, आणि सरकारने आत पाठवला तो पुण्याचा पंडित नव्हे, तर बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला चौसष्ट वर्षांचा एक पेन्शनर. गोविंद सखाराम सरदेसाई, म्हणजे आपले रियासतकार.

सरदेसायांचा जन्म १७ मे १८६५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल या खेड्यातला. रत्नागिरी, पुणे, मुंबई असे शिक्षण करून ते १८८८ मध्ये बी. ए. झाले आणि पुढच्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांचे वाचक म्हणून बडोद्यास रुजू झाले. महाराजांना पुस्तके वाचून दाखवायची, राजपुत्रांना शिकवायचे, प्रवासात बरोबर राहायचे, अशी ती नोकरी. मॅकियाव्हेलीच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर त्यांनी केले ते महाराजांच्या इच्छेवरूनच. राजपुत्रांना शिकवताना देशाचा इतिहास मराठीत सलग वाचायला मिळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. धड्यांसाठी काढलेली टिपणे वाढत गेली आणि १८९८ साली मुसलमानी रियासत बाहेर पडली. १९०२ पासून मराठी रियासतीचे भाग येऊ लागले. दरबारची चाकरी दिवसभर आणि इतिहास उरल्या वेळात, असा क्रम छत्तीस वर्षे चालला. १९२५ मध्ये निवृत्त होऊन ते मावळात कामशेतला येऊन राहिले.

घरात मात्र दुःख होते. मुलगा श्यामकांत शांतिनिकेतनात शिकून पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीस गेला आणि तरुणपणीच वारला. त्याची पत्रे वडिलांनी पुस्तकरूपाने जपली. दुसऱ्यांची दोनशे वर्षांपूर्वीची पत्रे लावण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला मुलाचीही पत्रेच तेवढी उरावीत, हा योग चटका लावणारा आहे.

दप्तराच्या कामासाठी सरदेसायांचे नाव सरकारला सुचवले ते जदुनाथ सरकार यांनी. या बंगाली इतिहासकाराशी त्यांची मैत्री १९०४ पासूनची. पण पुण्याच्या अभ्यासकांचे आणि जदुनाथांचे सूर जुळलेले नव्हते. ज्यांनी हयातभर मोडी वाचली, त्यांना डावलून बडोद्याचा माणूस आणि तोही बंगाल्याच्या शिफारशीने, ही गोष्ट पुण्याला झोंबली. तो राग अगदीच अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. सरकारने नेमलेला इतिहासकार सरकारला रुचेल तेच निवडणार, ही शंका कोणाही सुज्ञ माणसाच्या मनात येईल.

सरदेसायांनी वादात फारसा वेळ घालवला नाही. हाताशी मोजके मदतनीस घेऊन त्यांनी रुमाल सोडले, कामाचे कागद निवडले, मोडीची बालबोध करवून घेतली आणि प्रत्येक पत्राला इंग्रजी सारांश जोडला. १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड छापून झाले. त्यांत साडेआठ हजारांहून अधिक कागद आहेत. पहिला खंड उदगीरच्या लढाईचा, दुसरा पानिपतचा. आपल्या भागाच्या वाचकाने विसावा खंड अवश्य पाहावा. तो नागपूरकर भोसल्यांचा आहे. वऱ्हाडाच्या मुलखावर एकीकडे निजामाचा आणि दुसरीकडे भोसल्यांचा हक्क कसा चाले, त्या दुहेरी अमलाची पार्श्वभूमी अशा कागदांतून उलगडते.

घाईचे तोटे झालेच. अनेक पत्रांवर साल नसते. ते अंदाजाने घालताना चुका झाल्या, वाचनातही काही राहून गेल्या. पुढच्या अभ्यासकांनी त्या दुरुस्त केल्या. पण दुरुस्त करता आल्या, याचे कारण मूळ पत्रे छापलेली होती. सरकारी नेमणुकीवरच्या इतिहासकाराने आपला निकाल लिहून दिला असता तर तो मानावा किंवा टाकावा एवढेच हाती राहिले असते. सरदेसायांनी पुरावा लोकांच्या हाती दिला आणि स्वतःला तपासण्याचे साधनही त्याबरोबर दिले. सरकारी नोकराची इमानदारी याहून वेगळी काय असते?

त्यानंतरही ते थांबले नाहीत. जदुनाथांसह पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड काढले, वयाच्या ऐंशीनंतर मराठ्यांचा नवा इतिहास तीन भागांत इंग्रजीत लिहिला. १९५६ मध्ये आत्मचरित्र आले, १९५७ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९५८ साली जदुनाथ गेले आणि २९ नोव्हेंबर १९५९ रोजी कामशेतला रियासतकारांनी डोळे मिटले. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याण्णव होते.

पेशवे दप्तर आज पुणे पुराभिलेखागारात आहे. रीतसर अर्ज केला की अभ्यासकाला रुमाल मिळतो. पंचेचाळीस खंडांत आले ते त्या साठ्यातले थोडेच. बाकीचे रुमाल मोडी वाचणाऱ्या माणसाची वाट पाहत आहेत, आणि अशी माणसे दर पिढीला कमी होत चालली आहेत. दाराचे कुलूप सरदेसायांच्या पिढीने काढले. आता अडचण लिपीची आहे, आणि ती सोडवायला सरकारी हुकूम लागत नाही. मोडीची मुळाक्षरे एखाद्या उन्हाळी सुट्टीत शिकता येतात.