मिरजेचे डॉ. वानलेस

मिरज म्हटले की तंतुवाद्ये, अब्दुल करीम खाँसाहेब आणि दवाखाने या तीन गोष्टी आठवतात. यांतील तिसरी गोष्ट घडवली ती एका परदेशी शल्यविशारदाने. डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म 1 मे 1865 रोजी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून 1889 मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून पत्नी मेरी यांच्यासह हिंदुस्थानात आले. प्रारंभी त्यांचा मुक्काम सांगलीस होता. तेथील छोट्या दवाखान्यातून त्यांच्या कार्याची सुरुवात झाली. पुढे ते मिरजेस आले आणि 1894 मध्ये रुग्णालय उभे राहिले.

मिरजेची निवड दूरदृष्टीची ठरली. पुण्याहून सातारा जिल्ह्यातून, कराडमार्गे येणारी रेल्वे येथे पोचली होती. कोल्हापूर आणि बेळगावच्या बाजूच्या गाड्याही येथेच मिळत. गाठ, मूतखडा किंवा मोतीबिंदू अंगावर वागवीत दिवस काढणाऱ्या माणसाला शस्त्रक्रियेचे ठिकाण असे हाताशी आले.

तथापि पोट उघडायचे म्हणजे भूल देणे आले, आणि त्या काळी भूल म्हणजे बहुधा क्लोरोफॉर्म. वानलेस येथे आले त्याच 1889 साली निजामाच्या आश्रयाखाली हैदराबादेत क्लोरोफॉर्म आयोगाचे दुसरे काम चालू होते. श्वास आधी थांबतो, हृदय नंतर, म्हणून नाडीपेक्षा श्वासावर लक्ष ठेवावे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. तो अपुरा होता. हलक्या भुलीतही क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय बिघडून ते एकाएकी बंद पडू शकते, हे ए. गुडमन लेव्ही यांनी 1911 मध्ये दाखवले. म्हणजे वानलेस यांच्या पहिल्या दोन दशकांतील शल्यविशारदाला रुग्णाच्या हृदयाविषयी नेमका भरवसा नव्हता. गाठ काढताना गाठीपेक्षा भूलच जीवघेणी ठरण्याची भीती होती.

काही गाठी तर स्वतःच हृदयाचा घात करतात. आतड्यातील अशा गाठींना म्युनिचच्या ओबर्नडॉर्फर यांनी 1907 मध्ये कार्सिनॉइड हे नाव दिले. त्यांतून रक्तात मिसळणाऱ्या द्रव्यांमुळे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होतात, हे समजायला 1950 चे दशक उजाडावे लागले. आज ऑक्ट्रिओटाइड हे औषध, झडप बदलण्याची शस्त्रक्रिया आणि भूलतज्ज्ञाची पूर्वतयारी यांच्या आधाराने अशा रुग्णांची काळजी घेतली जाते. वानलेस यांच्या पिढीकडे यांतले काहीच नव्हते. होता तो हाताचा सराव आणि रुग्णाची निवड करण्याचा विवेक.

त्यांचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु त्यांनी कौशल्य स्वतःपुरते ठेवले नाही, ही बाब अधिक महत्त्वाची. 1897 पासून मिरजेत वैद्यकीय शिक्षण सुरू झाले, आणि येथे तयार झालेले तरुण ठिकठिकाणच्या मिशन दवाखान्यांत गेले. पुढे परिचारिकांनाही प्रशिक्षण मिळू लागले. कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. 1906 मध्ये मेरी यांचे निधन झाले, तरी वानलेस येथून हलले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी लिलियन हेव्हन्स यांच्याशी विवाह केला. 1920 मध्ये सांगली आणि मिरजेच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले.

1928 मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला. त्याच वर्षी निवृत्त होऊन ते अमेरिकेस परतले आणि 3 मार्च 1933 रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. संस्थाने विलीन झाल्यावर 1949 मध्ये हा भाग दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि 1960 मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. दोनच वर्षांनी, 1962 मध्ये, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आरोग्यधामाभोवतीच्या वस्तीला मात्र लोक आजही वानलेसवाडीच म्हणतात.