डॉ. ना. सु. हर्डीकर : सेवादलाचे जनक

गणवेश घालून रांगेत उभे राहायचा आपल्याला कंटाळा येतो. डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकरांनी मात्र याच शिस्तीसाठी आयुष्य वेचले.

१८८९ साली धारवाडला त्यांचा जन्म झाला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकून, तेथे लाला लजपतराय यांच्यासोबत काम करून ते १९२१ साली मायदेशी परतले. हुबळीत त्यांनी तरुणांचे सेवा मंडळ उभारले.

१९२३ साली नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. (बारडोलीमुळे आपल्या परिचयाचे सरदार पटेल शेवटी त्याचे नेते होते.) तुरुंगातले हाल सोसवेनात म्हणून अनेकांनी माफी मागितली, हुबळीच्या स्वयंसेवकांनी मागितली नाही. त्याच वर्षी काकिनाडा काँग्रेसमध्ये हिंदुस्थानी सेवादलाचा निर्णय झाला. खादीचा गणवेश, कवायत, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी झेंडावंदन! हे लष्करी वळण अहिंसेला शोभेल का, अशी शंका काँग्रेसमध्येच काहींनी घेतली. शंका अगदीच गैर नव्हती. पण लाठी खाऊनही हात न उचलायला सराव लागतोच, आणि तो करून घेणारा मोठा माणूस आधी स्वतः रांगेत उभा राहिलेला असावा लागतो.

१९३२ साली इंग्रज सरकारने दलावर बंदी घातली. स्वातंत्र्यानंतर, १९५८ साली डॉक्टरांना पद्मभूषण मिळाले. १९७५ साली ते निवर्तले.