बाजीरावांची शाडूची फौज

दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मावळे मांडण्याचा खेळ आपण सर्वच लहानपणी खेळलो आहोत. विलायतेत असाच खेळ प्रौढ माणसे मोठ्या गांभीर्याने खेळतात. इतिहासातील एखादी लढाई निवडावयाची, दोन्ही बाजूंच्या फौजा बोटभर उंचीच्या करून रंगवावयाच्या आणि टेबलावर डाव मांडावयाचा. एच. जी. वेल्स या प्रख्यात इंग्रज लेखकाने 1913 साली अशा खेळाचे नियम सांगणारे पुस्तकच लिहिले. मला हा नाद लागला तेव्हा मी निवडली ती 1737 सालची भोपाळची लढाई, आणि तिच्या निमित्ताने थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या चरित्रात शिरलो.

बाजीरावांचा जन्म 1700 सालचा. वडील बाळाजी विश्वनाथ वारल्यावर 1720 मध्ये शाहू महाराजांनी त्यांना पेशवाईची वस्त्रे दिली. वय अवघे वीस! साताऱ्याच्या दरबारातील जुन्याजाणत्यांना हे रुचले नाही. पण शाहू महाराजांनी माणूस बरोबर हेरला होता. आमच्या कन्नड विभागातील मित्रांसाठी मुद्दाम सांगतो, की उत्तरेकडे वळण्यापूर्वी 1725 ते 1727 या काळात बाजीराव चित्रदुर्ग आणि श्रीरंगपट्टणच्या मोहिमांवर होते. पुढे 1728 च्या फेब्रुवारीत पालखेडला त्यांनी निजामुल्मुल्काला पाण्यावाचून कोंडीत पकडले. पाठ्यपुस्तकात पालखेड दोन ओळींत संपते. माझ्या मते पुढच्या बाजीरावांची सारी ओळख त्या दोन ओळींत आहे.

फौज करावयास बसले की पुस्तकात न पडणारे प्रश्न पडू लागतात. मराठी स्वाराला रंग कोणता द्यावा? युरोपातील पलटणींना ठरलेला गणवेश असे, त्यामुळे तिकडच्या छांदिष्टाला एक डबा रंग पुरतो. येथे तसे नाही. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई, बारगिराला ती सरकारातून मिळत. तेव्हा प्रत्येकाचे पागोटे निराळे, अंगरखा निराळा, घोडाही कोणाचा कुमाईत तर कोणाचा अबलख. इतिहासकार भोपाळच्या मराठी फौजेचा आकडा ऐंशी हजारांच्या आसपास धरतात. चारशे स्वारांमागे एक, या हिशेबाने मला दोनशे घोडेस्वार लागले. शाडूच्या घोड्याचे पाय वाळताना तडकतात, म्हणून आत तार घालावी लागते. भाले केरसुणीच्या हिरांचे. हे काम दोन वर्षे चालले आणि घरच्यांनी ते सोसले!

निजामाच्या बाजूला मात्र तोफा हव्यात, पुष्कळ हव्यात. मराठ्यांना नर्मदेपलीकडे हाकलण्यासाठी बादशहा महंमदशहाने त्याला माळव्यात धाडले होते. 1737 च्या मार्चमध्ये बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आले होते, त्याची ही भरपाई. डिसेंबरात बाजीराव नर्मदा उतरून आले, तेव्हा निजामाने भोपाळचा आसरा घेतला. एका अंगाला शहराचा कोट, दुसऱ्या अंगाला अफाट तलाव, समोर तोफखाना. जागा बिनतोड होती.

मामांकडे भोपाळला गेलो असता मी मुद्दाम बड्या तालाबाच्या काठी जाऊन उभा राहिलो. आजचे भोपाळ मनातून पुसावे लागते. छोटा तालाब 1794 चा, ताजुल मशिदीचे काम एकोणिसाव्या शतकातले. दोन्ही माझ्या नकाशावरून गेली. राहिला तो राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा जुना तलाव. त्याच्याकडे पाहताना निजामाची निवड पटली, आणि तिच्यातला धोकाही कळला. जो तलाव शत्रूला आत येऊ देत नाही, तोच आपल्यालाही बाहेर पडू देत नाही.

बाजीरावांजवळ तोडीस तोड तोफखाना नव्हता. तेव्हा कोटावर चालून जाण्याऐवजी त्यांनी वाटा धरल्या. चारा, धान्य, टपाल, सारे बंद. दक्षिणेतून निजामाचा मुलगा नासिरजंग कुमक आणील, तर त्याला अडविण्यासाठी बंधू चिमाजी अप्पा तापीकाठी बसले होते. निजामाच्या छावणीत धान्याचे भाव कडाडले, जनावरे मरू लागली. तोफांच्या आडोशाने तो रोज थोडे थोडे सरकू लागला, पण अखेर 1738 च्या जानेवारीत दोराह्याला त्याला तह करावा लागला. माळवा, नर्मदा ते चंबळ हा मुलूख आणि लढाईच्या खर्चापोटी 50 लक्ष रुपये देण्याचे त्याने मान्य केले. कर्जाने सदैव गांजलेल्या पेशव्याला ती रक्कम काय वाटली असेल, याची कल्पना करावी.

माझी खरी अडचण येथेच आहे. पाहणाऱ्याला तोफांचा धूर आणि तलवारींची खणाखणी हवी असते. या लढाईत चकमकी झाल्या, पण निकाल लावला तो भुकेने. मग मांडावयाचे काय? मी निजामाची रंगीबेरंगी छावणी तलावाकाठी दाटीने बसविली आणि माझे दोनशे स्वार टेबलाच्या कडांना विखरून ठेवले, मध्ये हातभर मोकळी जमीन सोडली. शेजारच्या एका काकांनी विचारले, लढाई कोठे आहे? मी त्या मोकळ्या जमिनीकडे बोट दाखविले. काकांना ते पटले नाही. असो.

बाजीरावांची स्वतःची मूर्ती मात्र अजून रंगवावयाची आहे. शनिवारवाड्यासमोरचा अश्वारूढ पुतळा सर्वांच्या डोळ्यांपुढे असतो, पण मला मोहिमेवरचा, धुळीने माखलेला माणूस हवा आहे. मस्तानीवरून घरात उठलेले वादळ, कर्जाचे तगादे आणि त्यातच पुढची मोहीम. भोपाळनंतर त्यांना जेमतेम सव्वादोन वर्षे लाभली. 1740 च्या आरंभी नासिरजंगाशी तह करून ते हंडिया आणि खरगोणच्या नव्या मुलखाकडे निघाले आणि 28 एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडीला तापाने वारले. चाळिशीही उलटली नव्हती. समाधी तेथेच आहे. माळव्याची बादशाही सनद 1741 साली त्यांचे चिरंजीव नानासाहेब यांच्या हाती पडली.