अंगणांतली शाळा : ताराबाई मोडक

कळंब्याच्या तलावाकांठीं बालकें खडे वेंचूं लागलीं कीं आपण त्यांस ओरडून घरीं आणतों. अशा पालकांनीं ताराबाई मोडक यांचें चरित्र अवश्य वाचावें.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालीं मुंबईस झाला. पदवीधर झाल्यावर त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत रमल्या, आणि १९२६ सालीं उभयतांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. परंतु माँटेसरीबाईंचीं साधनें महाग; खेड्यांस तीं कोठून परवडावीं?

१९४५ सालीं ताराबाईंनीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें कामास आरंभ केला. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्यांनीं शाळाच वस्तीच्या अंगणांत नेली. आधीं स्नान, मग खेळ. खडे, शिंपले, पानें, बिया यांवर चिमुकलीं मोजावयास शिकूं लागलीं.

१९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें थोरलीं वारली मुलें गुरें राखीत. गुरें सोडा म्हणणें म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय देणें. म्हणून शिक्षकच रानांत गेले व 'कुरणशाळा' निघाली. धाकट्या भावंडास सांभाळणारी मुलगी विद्येस मुकूं नये, यासाठीं पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा हीं एकत्र आणलीं. बाईंची खरी विद्वत्ता आम्हांस येथें दिसते. गैरहजेरीबद्दल मुलास दोष देणें किती सोपें, हें आम्हां शिक्षकांस पक्कें ठाऊक आहे!

१९६२ सालीं त्यांस पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ सालीं त्या निवर्तल्या. त्यांचें कार्य शिष्या अनुताई वाघ यांनीं पुढें चालविलें. १९७५ पासून सरकारी बालविकास योजनेंतून 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पसरला.