नॅथॅनियल बाल्डविन: स्वयंपाकघरात घडलेला हेडफोन

१९१० साली अमेरिकी नौदलाच्या वॉशिंग्टनमधील कार्यालयात एक विचित्र पत्र येऊन पोहोचले. निळ्या-गुलाबी कागदावर जांभळ्या शाईने लिहिलेले ते पत्र युटा राज्यातून आले होते आणि त्यासोबत टेलिफोनच्या श्रवणयंत्रांची एक जोडी चाचणीसाठी देऊ केली होती. बिनतारी संदेशवहनाचे काम पाहणारे अधिकारी आर्थर हेपबर्न यांनी ते पत्र केराच्या टोपलीत टाकले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी यंत्राची चाचणी घ्यायचे ठरवले. पत्रलेखकाचे नाव होते नॅथॅनियल बाल्डविन. दोन्ही कानांवर बसणारा, डोक्यावरील पट्टीने तोललेला जो हेडफोन आज घराघरांत आहे, त्याचे जनकत्व ज्यांना दिले जाते तेच हे बाल्डविन.

हेडफोनच्या दुकानात उभ्या असलेल्या आजच्या ग्राहकाला हे नाव क्वचितच ठाऊक असते. दिवसभर कार्यालयीन बैठका, परतीच्या प्रवासात गाणी आणि वर्षातून दोन-चारदा महाराष्ट्र मंडळाच्या दांडियाला किंवा मित्राच्या लग्नात हौसेने डीजेचे काम, अशा सर्व उपयोगांना पुरेल असा एकच टिकाऊ हेडफोन कोणता, हा प्रश्न परदेशस्थ मराठी घरांत अनेकदा निघतो. नौदलाने बाल्डविन यांच्या यंत्राची जी परीक्षा घेतली, ती मुळात याच प्रश्नाची होती. यंत्र त्या परीक्षेत उतरले. त्याच्या निर्मात्याच्या आयुष्याला मात्र तो टिकाऊपणा लाभला नाही.

बाल्डविन यांचा जन्म १ डिसेंबर १८७८ रोजी युटातील फिलमोर या लहान गावी, मॉर्मन पंथीय कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते प्रथम प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग अकादमीत आणि पुढे कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. विद्युतशास्त्राचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी आपल्याच जुन्या संस्थेत अध्यापन सुरू केले. यंत्रज्ञान आणि धर्म ही त्यांच्या आयुष्याची दोन चाके होती. पहिल्याने त्यांना नाव मिळवून दिले, तर दुसऱ्याने त्यांना वारंवार अडचणीत आणले.

मॉर्मन धर्मसंस्थेने १८९० साली बहुपत्नीत्वाची प्रथा अधिकृतपणे सोडली आणि १९०४ साली तो निर्णय अधिक कठोर केला. पंथातील काही जणांना हा निर्णय मान्य नव्हता. बाल्डविन यांची सहानुभूती या असंतुष्टांच्या बाजूने होती आणि मत लपवून ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. परिणामी त्यांची अध्यापकाची नोकरी गेली. उपजीविकेसाठी मिळेल ते काम करीत त्यांनी घरीच प्रयोग चालू ठेवले.

कानाला लावण्याची यंत्रे त्यापूर्वी नव्हती असे नाही. १८८०च्या दशकात अमेरिकेतील टेलिफोन केंद्रांत काम करणाऱ्यांच्या खांद्यावर एक जड सांगाडा बसवला जाई. त्याचे वजन दहा पौंडांहून अधिक असे आणि आवाज एकाच कानाला ऐकू येई. १८९१ साली फ्रेंच अभियंता एर्नेस्ट मर्काडिए यांनी कानात बसणाऱ्या हलक्या श्रवणयंत्राचे पेटंट घेतले. त्या काळातील खरी अडचण निराळी होती. बिनतारी संदेश अत्यंत क्षीण असत आणि त्यांना बळ देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अजून प्रचारात आलेली नव्हती. दूरवरून आलेल्या लहरींत जेवढी ऊर्जा शिल्लक असेल, तेवढ्यावरच श्रवणयंत्राचा पडदा हलवावा लागे.

बाल्डविन यांना ही कल्पना सुचली ती प्रार्थनास्थळात, असे सांगितले जाते. सॉल्ट लेक सिटीचे भव्य टॅबरनॅकल सभागृह त्याच्या नादगुणांसाठी प्रसिद्ध आहे. तरीही हजारोंची गर्दी जमली की मागे बसलेल्यांना प्रवचन नीट ऐकू येत नसे. आवाज वाढवण्यासाठी त्यांनी आधी दाबलेल्या हवेवर प्रयोग केले. त्या खटपटीत आपले श्रवणयंत्रच अधिक संवेदनशील असायला हवे, हे त्यांच्या ध्यानात आले.

त्यांनी शोधलेली रचना साधी आणि विलक्षण होती. साध्या टेलिफोनमध्ये चुंबक लोखंडी पडद्याला सतत आपल्याकडे ओढत असतो. पडदा कायम ताणलेला राहतो आणि क्षीण संदेशाला तो हलवणे जड जाते. बाल्डविन यांनी चुंबकाच्या ध्रुवांच्या बरोबर मध्ये लोखंडाची एक छोटी पट्टी तोलून धरली. दोन्ही बाजूंची ओढ समान असल्याने ती पट्टी विश्रांत अवस्थेत असे. विजेच्या अल्पशा लहरीनेही ती डोले आणि बारीक सळईच्या साहाय्याने ती हालचाल अभ्रकाच्या हलक्या पडद्यापर्यंत पोहोचे. प्रत्येक श्रवणयंत्रात सुमारे एक मैल लांबीची तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असे. संतुलित आर्मेचरचे हेच तत्त्व आज श्रवणयंत्रांत आणि गायक-वादक मंचावर कानात घालतात त्या छोट्या इयरफोनमध्ये वापरले जाते.

खासगी गुंतवणूकदारांनी या शोधात रस दाखवला नाही, म्हणून बाल्डविन नौदलाकडे वळले. चाचणीत हे यंत्र वापरातील यंत्रांहून सरस ठरले. संवेदनशीलतेचा प्रश्न सुटल्यावर दुसरा प्रश्न पुढे आला, तो डोक्याचा. जहाजावरील तारयंत्री तासन्‌तास हेडफोन घालून बसत. प्रत्येकाच्या डोक्याचा आकार निराळा, त्यात यंत्राचा भार आणि समुद्रावरचा दमटपणा. सुधारलेल्या यंत्रात बाल्डविन यांनी कातडे गुंडाळलेल्या दोन तारांची पट्टी बसवली. श्रवणयंत्रे तिच्यावर वर-खाली सरकवता येत आणि कोणत्याही डोक्यावर नीट बसत. ही सुधारणा त्यांना स्वतःला इतकी किरकोळ वाटली की पेटंट घेण्याचा सल्लाही त्यांनी मनावर घेतला नाही, असे म्हणतात. पुढच्या शंभर वर्षांत हेडफोनचे अंतरंग अनेकदा बदलले, पण डोक्यावरून जाणारी सरकती पट्टी टिकून राहिली.

नौदलाने मागणी नोंदवली तेव्हा बाल्डविन यांचे उत्तर अधिकाऱ्यांना चकित करणारे होते. एका वेळी दहाहून अधिक जोड्या देणे त्यांना शक्य नव्हते, कारण त्या घरच्या स्वयंपाकघरात हाताने बनत होत्या. पुढे सॉल्ट लेक सिटीलगतच्या मिल क्रीक भागात कारखाना उभा राहिला. पहिल्या महायुद्धाने मागणी वाढवली आणि युद्धानंतर घरोघरी रेडिओ आल्यावर तर तिला सीमा राहिली नाही. बाल्डविनचे हेडफोन हौशी रेडिओप्रेमींच्या कौतुकाचा विषय झाले आणि त्याच यंत्रणेवर भोंग्यासारखे ध्वनिक्षेपकही चालू लागले. भरभराटीच्या काळात, १९२२च्या सुमारास, कारखान्यात दीडशेच्या आसपास माणसे काम करीत आणि वार्षिक उत्पन्न वीस लाख डॉलरच्या घरात गेले होते. धर्ममतापायी नोकरी गमावलेला शिक्षक आता खोऱ्यातील मोठा उद्योजक झाला होता.

मात्र येणारा पैसा कारखान्यात टिकत नव्हता. बहुपत्नीत्वाच्या समर्थकांना बाल्डविन यांनी कामे दिली, आर्थिक आधार दिला, त्यांच्या योजनांत भांडवल गुंतवले. इकडे बाजारही बदलत होता. रेडिओत व्हॅक्यूम ट्यूब आल्या, संदेश बळकट झाला आणि कुटुंबाने एकत्र बसून ऐकता येईल असे ध्वनिक्षेपक घरात आले. क्षीण संदेश ऐकवणे हाच ज्या हेडफोनचा गुण, त्याची घरगुती गरज ओसरू लागली. १९२४ साली व्यवसाय दिवाळखोरीत गेला. पुन्हा उभे राहण्यासाठी टपालाद्वारे भागविक्री करण्याच्या प्रयत्नात त्यांच्यावर फसवणुकीचा खटला झाला. दोष सिद्ध झाला आणि वॉशिंग्टन राज्यातील मॅकनील बेटावरच्या संघीय तुरुंगात त्यांना सुमारे दोन वर्षे काढावी लागली. बाहेर आल्यावर जुने वैभव परतले नाही. १९ जानेवारी १९६१ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी, विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनाच्या वेळी हेडफोन नव्या जन्माच्या उंबरठ्यावर होता. जर्मनीतील बायर कंपनीने १९३७ साली डीटी ४८ हा डायनॅमिक पद्धतीचा हेडफोन बाजारात आणला होता. त्यात चुंबकीय क्षेत्रात तरंगणारे वेटोळे थेट पडद्याला जोडलेले असते आणि आजचे बहुतेक मोठे हेडफोन त्याच पद्धतीचे आहेत. १९५८ साली मिलवॉकीत जॉन कॉस यांनी स्टिरिओ संगीतासाठी हेडफोन विकायला आणला आणि कामाचे हे अवजार विरंगुळ्याचे साधन झाले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सँक्चुअरी क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो यांनी सभागृहात एक तबकडी वाजत असताना दुसरी हेडफोनवर ऐकून दोघींचा ठेका जुळवण्याची कला रूढ केली. क्लबच्या गोंगाटात नेमका आवाज टिपण्यासाठी कान झाकून बसलेला डीजे आणि जहाजावरील तारयंत्री यांची गरज बरीचशी सारखी आहे. दोघांनाही आजूबाजूच्या कोलाहलातून एकच आवाज वेगळा काढायचा असतो.

म्हणूनच आज हेडफोन निवडताना नौदलाचे जुने निकष उपयोगी पडतात. पहिला निकष संवेदनशीलतेचा. फोनवरही आणि मिक्सरवरही चालवायचा असेल, तर साधारण ३२ ते ८० ओहमचा, थोड्या शक्तीत पुरेसा आवाज देणारा हेडफोन घ्यावा. दोनशे-अडीचशे ओहमची जात स्टुडिओसाठी योग्य असली, तरी फोनवर तिचा आवाज अपुरा पडतो. दुसरा निकष बाहेरचा गोंगाट अडवण्याचा. डीजेच्या कामाला मागून बंद असलेलेच कप हवेत. उघड्या कपांचा आवाज घरी कितीही मोकळा वाटला तरी मोठ्या ध्वनिक्षेपकांसमोर तो बुडून जातो.

तिसरा निकष डोक्याचा, म्हणजे पट्टी, सांधे आणि गाद्यांचा. हेडफोन बहुधा आवाजामुळे निकामी होत नाही. तो मोडतो घडी घालण्याच्या सांध्यात, तुटतो वायरच्या टोकाशी आणि सोलतो कृत्रिम कातड्याच्या गादीवर. आखाती देशांतील उकाडा, मुंबईचा दमटपणा किंवा व्यायामशाळेतला घाम गादीचे आयुष्य आणखी घटवतो. काढता येणारी वायर, सुट्या मिळणाऱ्या गाद्या आणि स्क्रूने उघडणारे सांधे असतील, तर पाच वर्षांनीही तोच हेडफोन वापरता येतो. १९८८ साली आलेला सेनहायझरचा एचडी २५ आजही डीजेंच्या गळ्यात दिसतो तो याच कारणाने. केवळ १४० ग्रॅम वजन, फिरवून एक कान मोकळा करता येणारा कप आणि जवळजवळ प्रत्येक सुटा भाग बदलण्याची सोय ही त्याची वैशिष्ट्ये. मात्र तो कानावर घट्ट दाबून बसतो. रोज चार-पाच तास ऐकणाऱ्याने कान पूर्ण झाकणारा आणि तरीही कप फिरवता येणारा हेडफोन पाहावा आणि दुकानात निदान वीस मिनिटे घालून पाहावा.

बिनतारी हेडफोन प्रवासात सोयीचा असतो. पण ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि तेवढ्या अंतराने ठेका जुळवता येत नाही. शिवाय बॅटरी काही वर्षांत क्षीण होते. दोन्ही कामे एकाच हेडफोनवर करायची असतील, तर वायर लावून बॅटरीविना चालणाराच हेडफोन घ्यावा. आवाजाच्या पातळीचे भानही हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबलच्या पातळीवर ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. गोंगाट अडवणारा कप असेल तर आवाज वाढवण्याचा मोह आपोआप कमी होतो.

बाल्डविन यांची मिल क्रीकमधील कारखान्याची इमारत पुढे कलावंतांच्या कामाच्या जागा म्हणून वापरात आली. त्यांचे जुने हेडफोन संग्राहक आजही जपून ठेवतात. त्यांतल्या अनेकांची कातडी विटली आहे, वायरवरचे कापड उसवले आहे. पण स्क्रू काढून झाकण उघडता येते, तार तुटली असेल तर पुन्हा जोडता येते, आणि मग अभ्रकाचा तो पडदा शंभर वर्षांपूर्वीसारखाच बोलू लागतो.