खराट्याचा धडा

अंगावरील वस्त्रावरून आणि हातातील कामावरून मनुष्याची किंमत करण्याची खोड आपल्या समाजात फार जुनी आहे. दुकानी आलेले गिऱ्हाईक नीटनेटके असेल तर त्यास गादीवर बसवावे, आणि चिंध्या पांघरलेले असेल तर पायरीवरूनच वाटेस लावावे, हा आपला नित्याचा परिपाठ. तो वाईट आहे असे सांगणारे वक्ते पुष्कळ झाले. परंतु तोंड उघडण्यापूर्वी हात चालवून तो परिपाठ लटका ठरविणारा पुरुष विरळा. श्रीगाडगे महाराज हे असे पुरुष होते.

त्यांचे मूळचे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दारूच्या व्यसनाने वडील अकाली गेले आणि आई सखूबाई मुलास घेऊन दापुरे येथे माहेरी आली. तेथे गुरे राखणे, नांगर धरणे यांतच डेबूजींचे बाळपण सरले. शाळा त्यांस लाभली नाही. दारूने आणि कर्जाने घर कसे धुळीस मिळते, हे त्यांनी कोणा ग्रंथात न वाचता स्वतःच्या घरात पाहिले. म्हणूनच स्वतःच्या मुलीच्या बारशास, जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मटण न ठेवता, त्यांनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंदांची नाराजी पत्करून केलेली ही त्यांची पहिली सुधारणा होय.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका हाती खराटा, दुसऱ्या हाती मडक्याचे खापर, एवढाच त्यांचा संसार. त्या खापरावरूनच लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. एखाद्या गावी पोहोचले की कोणास न विचारता ते गल्ल्या झाडावयास व गटारे उपसावयास लागत. पाहणारांस प्रथम वाटे, हा कोणी वेडा किंवा भिकारी असावा. पोरे मागे लागत, मोठे हसत. भाकरी मागावयाची ती काम केल्यावर, हा त्यांचा दंडक होता. रात्री त्याच चौकात कीर्तन उभे राही, आणि सकाळी ज्यास हुसकावून लावले तोच मनुष्य समोर उभा आहे हे पाहून गाव चकित होई. कीर्तनात ते श्रोत्यांस प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढीत. कर्ज काढून सण करू नये, देवापुढे मुके जनावर मारू नये, शिवाशीव पाळू नये, आणि घरातील भांडे विकावे लागले तरी मुलास शाळेत घालावे, असा त्यांचा साधा उपदेश असे. कोणी पाया पडू लागल्यास ते त्यास पडू देत नसत; गुरुपणाचा थाट त्यांनी कधी मांडला नाही.

लोक देत तो पैसा त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही. त्यातून ऋणमोचन येथे पूर्णा नदीस घाट झाला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उठल्या. आंधळ्यापांगळ्यांस अन्नवस्त्र मिळाले. पंढरीस येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांस तेव्हा इतरांच्या धर्मशाळांत थारा नसे; म्हणून १९१७ च्या सुमारास त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. १९४९ साली ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक, महाराजांचा देह पडला.

कोणी म्हणेल, निराळी धर्मशाळा बांधल्याने भेदाची भिंत पडते काय? एका दिवसाच्या झाडण्याने गाव स्वच्छ राहतो काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. विठ्ठलमंदिराचे दार १९४७ साली सर्वांस उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर. केवळ दयाबुद्धीने ते उघडले नव्हते. तथापि उघड्यावर भिजणाऱ्या यात्रेकरूस त्या रात्री छप्पर हवे होते, आणि ते मिळाले. गल्लीत दुसऱ्या दिवशी कचरा पुन्हा साचला असेल. परंतु झाडणारा हलका आणि पाहणारा थोर, हा समज ज्याच्या मनातून एकवार झाडला गेला त्यास तो पूर्वीच्या निर्धास्तपणे बाळगता आला नसेल. कायदा दार उघडतो. शेजाऱ्याचे मन उघडावयास असले नित्याचे, न सांगता केलेले कामच लागते.

आज अस्पृश्यता राज्यघटनेने नष्ट केली आहे, आणि हाताने मैला उचलविण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ व २०१३ साली कायदे झाले आहेत. महाराजांच्या नावाने सरकारने ग्रामस्वच्छता अभियान चालविले, अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्या नावाचे झाले. हे सर्व योग्यच झाले. परंतु वर्षातून एक दिवस नवा झाडू हाती धरून तसबीर काढून घ्यावयाची, आणि उरलेले दिवस रस्ता झाडणाऱ्या बाईस दारातूनच, निराळ्या पेल्यात पाणी द्यावयाचे, ही महाराजांची पूजा नव्हे, विटंबना होय.

आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत. हिशेब त्यांस शिकवावा लागत नाही. म्हणून एवढेच सुचवितो की, उद्या दुकान उघडताना समोरचा रस्ता स्वतः झाडून पाहावा, आणि नित्य तो झाडणाऱ्यास नाव विचारून, आपल्याच पेल्यातून चहा द्यावा. यात भांडवल काही लागत नाही. लागतो तो थोडा संकोच सोडावा. आणि तो सोडणे ज्यास जड जाईल त्याने समजावे की झाडावयाची जागा रस्त्यावर नसून मनातच आहे.